वाटेवरचे कोलंबो
(विहाराच्या वर्धापनदिन समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रीलंकेची यात्रा करून आलेल्यांनी वर्धापनदिनी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची सूचना होती. अनुराधपूरचा महाबोधी वृक्ष, मिहिंतलेचा डोंगर, कँडीचे दंतधातू विहार यांविषयी या व्यासपीठावरून आपण पुष्कळ ऐकले आहे आणि पुढेही ऐकाल. आम्ही मात्र आज कोलंबो या शहराविषयी बोलणार आहोत.

यात्रेच्या पत्रिकेत कोलंबोचे नाव दोनदा येते. पहिल्या दिवशी ‘कोलंबो विमानतळावर आगमन व कँडीकडे प्रस्थान’, आणि शेवटच्या दिवशी ‘कोलंबो येथे खरेदी व परतीचा प्रवास’. मुंबईहून विमानाने अडीच तासांच्या आसपास लागतात. कातुनायके येथील विमानतळ शहराच्या उत्तरेस तीसेक किलोमीटरवर असल्यामुळे बस शहरात न शिरताच डोंगराकडे वळते. पुष्कळ प्रवासी तर सिंगापूर-ऑस्ट्रेलियाकडे जाताना येथे फक्त विमान बदलतात. आमच्यातल्याच एका ज्येष्ठ उपासकांनी निघण्याआधी विचारले होते, “अहो, काय बघायचं कोलंबोत? गर्दी, घाम अन् समुद्र. तेवढं तर आपल्या मुंबईतच आहे!”

वरवर पाहता त्यांचे म्हणणे खरेच आहे. कोलंबो विषुववृत्तापासून अवघ्या सात अंशांवर आहे. थंडी अशी नाहीच. बाराही महिने उकाडा, अंगाला चिकटणारी हवा आणि पाऊस आला की धो धो. मुंबईसारखेच बंदर, मुंबईसारखाच ‘फोर्ट’. फोर्टला लागून जुनी बाजारपेठ आहे, तिला ‘पेट्टा’ म्हणतात. हा शब्द आपल्या पेठेचाच भाऊबंद. तेथे कापडाची एक गल्ली, भांड्यांची दुसरी, सोनारांची तिसरी. हातगाड्या ओढणारे हमाल ओरडत पुढे जातात आणि आपण बाजूला व्हायचे. मुंबईच्या माणसाला येथे परके वाटत नाही.

या शहराच्या नशिबी वाटेवरचे ठाणे होणे फार जुने आहे. १५०५ साली पोर्तुगीज आले, १६५६ मध्ये डच, १७९६ मध्ये इंग्रज. १८६९ ला सुएझ कालवा खुला झाला आणि इंग्रजांनी समुद्रात मोठा बांध घालून बंदर सुरक्षित केले. मग युरोपातून चीन, जपान, ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या आगबोटी कोळसा आणि पाणी भरण्यासाठी येथे थांबू लागल्या. उतारू दोन-चार तास उतरत, चहा-दालचिनी घेत आणि पुन्हा बोटीवर चढत. आता बोटीच्या जागी विमान आले, एवढाच फरक.

मग आम्ही या शहरासाठी आपला वेळ का घेत आहोत? त्याचे कारण असे.

अनुराधपूर राजांनी उभे केले. देवानंपिय तिस्स, दुट्ठगामणी यांसारख्या राजांनी स्तूप बांधले, तलाव खोदले, संघाला जमिनी दिल्या. ते पाहून मन भरून येते. पण घरी आल्यावर आपण काय करावे, ते तेथून कळत नाही. आपल्यामागे कोण राजा आहे? कोलंबोचे बौद्ध कार्य मात्र परक्या राजवटीत, हातात सत्ता नसताना झाले. व्यापारी, कारकून, शिक्षक, घरातल्या बायका आणि थोडेसे भिक्खू यांनी वर्गणी काढून, समित्या नेमून, भांडत-समजावत ते उभे केले. म्हणजे आपल्या वस्तीत आपण जसे करतो तसेच. म्हणून आम्ही म्हणतो की, अनुराधपूर वंदन करण्यासाठी आहे आणि कोलंबो शिकण्यासाठी आहे.

आता बालमित्रांना एक प्रश्न. आपल्या विहारावर जो पंचरंगी धम्मध्वज फडकतो, बुद्ध पौर्णिमेला आणि चौदा एप्रिलला आपण जो गल्लीगल्लीत लावतो, तो कोठून आला? कोणी म्हणेल सम्राट अशोकाच्या काळापासून, कोणी म्हणेल बोधगयेहून. तो आला कोलंबोहून, आणि त्याचे वय दीडशे वर्षेसुद्धा नाही.

पेट्टाच्या पुढे, बंदराच्या अंगाला कोटहेना नावाची वस्ती आहे. दाट घरे, अरुंद रस्ते, कॅथॉलिक लोकांचे मोठे सेंट लुसिया चर्च, तमिळ बांधवांची कोविले, मशिदी, आणि या सर्वांत दीपदुत्तमाराम नावाचा विहार. पर्यटकांची बस येथे सहसा येत नाही. या विहारात मिगेट्टुवत्ते गुणानंद नावाचे भिक्खू राहत असत. मिशनरी लोक शाळा आणि छापखान्याच्या बळावर बुद्धधम्माची टिंगल करीत, तेव्हा गुणानंदांनी संस्था काढली, छापखाना मिळविला आणि पत्रकाला पत्रकाने उत्तर दिले. १८७३ च्या ऑगस्टमध्ये पानदुरा येथे पाद्रींबरोबर त्यांचा दोन दिवस जाहीर वाद झाला. हजारो लोक ऐकायला जमले होते. त्या वादाचा इंग्रजी वृत्तान्त अमेरिकेत कर्नल हेन्री ऑल्कॉट यांच्या वाचनात आला, त्यांनी सिलोनशी पत्रव्यवहार सुरू केला, आणि १८८० च्या मे महिन्यात ते मादाम ब्लाव्हाट्स्कींसह मुंबईहून बोटीने निघून सिलोनला पोहोचले. गॉल शहरात दोघांनी जाहीरपणे पंचशील ग्रहण केले.

२५ मार्च १८८३ रोजी ईस्टरचा रविवार होता. दीपदुत्तमाराम विहारात नव्या बुद्धमूर्तीचा उत्सव चालू होता आणि त्यासाठी बौद्धांची मिरवणूक येत होती. चर्चजवळ मिरवणुकीवर हल्ला झाला. दंगल उसळली, रक्त सांडले. बौद्धांनी दाद मागितली, पण कोणालाही शिक्षा झाली नाही. मिरवणूक, वाद्ये, दगडफेक आणि पोलिसचौकीत न लागणारी दाद हा प्रसंग आपल्या वडीलधाऱ्यांना फोड करून सांगण्याची गरज नाही.

पुढे काय झाले, ते मात्र नीट ऐकण्यासारखे आहे. कोलंबोच्या बौद्धांनी दगडाला दगड मारला नाही. त्यांनी १८८४ च्या जानेवारीत बचाव समिती स्थापन केली. ऑल्कॉट साहेबांना वकीलपत्र देऊन लंडनला वसाहत खात्याकडे धाडले. मागण्या लेखी होत्या, मोजक्या होत्या. त्यातली एक म्हणजे वैशाख पौर्णिमेची सार्वजनिक सुट्टी. ती मंजूर झाली. सुट्टीची पहिली वैशाख पौर्णिमा आली २८ एप्रिल १८८५ रोजी. त्या दिवशी सर्व बौद्धांना एका खुणेखाली आणणारा ध्वज हवा, म्हणून कोलंबोत समिती बसली. अध्यक्ष होते हिक्कडुवे सुमंगल महास्थविर. सभासदांत गुणानंद भन्ते होते आणि अनेक गृहस्थ उपासकही होते. नमुना ठरला, ‘सरसवि संदरेस’ या सिंहली वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाला, आणि त्या पौर्णिमेला दीपदुत्तमाराम विहारात गुणानंद भन्तेंच्या हस्ते तो प्रथम फडकला. ज्या वस्तीत मिरवणूक फुटली होती, त्याच वस्तीत. आरंभी तो फार लांबट होता. नेहमीच्या झेंड्याएवढा आकार असावा ही सूचना ऑल्कॉट यांची, आणि ती पुढच्या वर्षी अमलात आली.

निळा, पिवळा, तांबडा, पांढरा आणि मांजिष्ठ म्हणजे केशरीकडे झुकणारा, असे हे पाच रंग आहेत. शेवटच्या पट्ट्यात हेच पाचही रंग आडवे एकत्र येतात, तो सहावा, प्रभास्वर. तथागतांच्या देहातून सहा रंगांची आभा फाकली, या परंपरेवरून ते घेतले आहेत. आपल्याकडे या ध्वजाला पंचशीलाचा ध्वज म्हणतात. पाच रंग पाहून पाच शीलांची आठवण होत असेल तर उत्तमच. पण तो शेवटचा पट्टा मुलांना अवश्य दाखवा. वेगवेगळे राहूनही एकत्र राहता येते, हे समजावण्यास त्याच्याएवढे सोपे चित्र नाही.

कोटहेनाहून थ्री-व्हीलर करून, म्हणजे आपली रिक्षाच हो, आम्ही मालिगाकंदला गेलो. तेथे सुमंगल महास्थविरांनी १८७३ मध्ये विद्योदय परिवेण सुरू केले. परिवेण म्हणजे भिक्खूंची विद्याशाळा. या विद्यालयाशी आपल्या मराठी भाषेचे ऋण जोडलेले आहे. गोव्यातील साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी बुद्धाचा धम्म शिकायचा या एकाच ध्यासाने घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया असे पायपीट करीत ते १९०२ मध्ये कोलंबोला पोहोचले आणि सुमंगलाचार्यांजवळ श्रामणेर होऊन पाली शिकले. बुद्धाची ओळख आपल्या साध्या मराठीतून घरोघरी करून देणारे धर्मानंदांचे ‘भगवान बुद्ध’ हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांकडे असेल. त्या पुस्तकाची मुळे मालिगाकंदच्या त्या चढावर आहेत. भारतात पाली शिकवणारे कोणी उरले नव्हते, तेव्हा ती विद्या या वाटेवरच्या शहराने सांभाळली होती.

अनागारिक धर्मपाल कोलंबोचेच. १८६४ साली पेट्टात एका व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८९१ च्या जानेवारीत ते बोधगयेला गेले, तेथील दुरवस्था पाहून व्याकूळ झाले, आणि त्याच वर्षी ३१ मे रोजी कोलंबोत महाबोधी सोसायटीची स्थापना झाली. बोधगयेच्या मुक्तीचा प्रश्न आजही आपल्या सभांमधून गाजतो. त्याची पहिली घडी अशी एका सभेत, इतिवृत्ताच्या वहीत पडली.

फोर्ट रेल्वे स्थानकाच्या दारातच ऑल्कॉट यांचा पुतळा आहे. लोकलच्या गर्दीसारखी गर्दी त्याच्या पायाशी वाहत असते. पुतळा पाहून पुढे जायचे नाही, त्यांचे काम पाहायचे. १८८६ मध्ये पेट्टातल्या एका घरात इंग्रजी शाळा सुरू झाली, तिचे आज प्रख्यात आनंद कॉलेज झाले आहे. मुलींसाठी मेरी म्यूझियस हिगिन्स या जर्मन बाईंनी शाळा चालविली. सेलेस्टिना डायस या उपासिकेने आपल्या पैशातून १९१७ मध्ये विशाखा विद्यालय काढले. विशाखेचे नाव शाळेला मिळाले, त्या नावाप्रमाणेच त्यांनी स्वतः दान केले. महिला मंडळाच्या भगिनींनी हे नाव लक्षात ठेवावे.

आता बाबासाहेबांविषयी. १९५० च्या मे महिन्यात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर भारताचे कायदामंत्री असताना सिलोनला गेले. कँडी येथे जागतिक बौद्ध भ्रातृत्व संघाची स्थापना होत होती. याच परिषदेने कोलंबोच्या या ध्वजाला सर्व जगातील बौद्धांचा ध्वज म्हणून मान्यता दिली. बाबासाहेब तेथे भाषणांपुरते गेले नव्हते. बौद्ध देशात विधी कसे होतात, धम्म लोकांच्या जगण्यात किती जिवंत आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. कोलंबोत तरुणांच्या बौद्ध संघटनेत, म्हणजे १८९८ मध्ये स्थापन झालेल्या वाय.एम.बी.ए. मध्ये, ते ‘भारतातील बौद्ध धर्माचा उदय आणि ऱ्हास’ या विषयावर बोलले. टाऊन हॉलच्या सभेत त्यांनी तेथील अस्पृश्य बांधवांना बुद्धधम्म स्वीकारण्याचे आवाहन केले आणि सिंहली बौद्धांना त्यांची जबाबदारी घेण्यास सांगितले. १९५६ च्या नागपूरपूर्वी सहा वर्षे हे शब्द कोलंबोत उच्चारले गेले. टाऊन हॉलची पांढरी घुमटाची इमारत आजही उभी आहे, समोर उद्यानात सोनेरी बुद्धमूर्ती आहे. आम्ही तेथे थांबून त्रिसरण-पंचशील म्हटले. दोन शाळकरी मुली थांबल्या आणि आमच्याबरोबर म्हणू लागल्या. त्यांना मराठी येत नव्हते, आम्हांला सिंहली. पालीने काम भागले.

शहराच्या कडेला, नदीकाठी केलनिया विहार आहे. तथागत स्वतः येथे आले होते अशी सिंहली बौद्धांची श्रद्धा आहे. पोर्तुगीजांनी हा विहार उद्ध्वस्त केला होता. विसाव्या शतकात त्याचा मोठा जीर्णोद्धार झाला, त्यात हेलेना विजयवर्धना या उपासिकेचा पुढाकार होता. आत सोलियस मेंडिस या चित्रकाराने काढलेली भिंतीचित्रे आहेत. संघमित्रा थेरी बोधिवृक्षाची फांदी घेऊन उतरतात ते चित्र आणि कलिंगाची राजकन्या हेममाला केसांत दंतधातू लपवून आणते ते चित्र, या दोन्हींसमोर आमच्या भगिनी फार वेळ उभ्या राहिल्या. भारतातून धम्म घेऊन जाणाऱ्या दोन्ही स्त्रियाच आहेत.

जवळच विद्यालंकार परिवेण. महापंडित राहुल सांकृत्यायन येथे शिकले आणि शिकविलेही. भदंत आनंद कौसल्यायन यांचीही धम्मदीक्षा सिलोनचीच. ते पुढे येथे हिंदीचे प्राध्यापक होते. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हिंदीत आणणारे आणि अखेरची वर्षे नागपुरात काढणारे हेच भदंतजी. हे दुवे पाहिले की, केलनिया आणि नागपूर एकाच नकाशावर आहेत असे वाटू लागते.

आम्ही केलनियाला गेलो तो रविवार होता. आवारात झाडाखाली, ओसरीवर, मिळेल तेथे पांढऱ्या कपड्यांतली मुले वर्ग करून बसली होती. याला ते ‘दहम पासल’ म्हणतात, म्हणजे धम्मशाळा. शिकवणारे बहुतेक गृहस्थच असतात, विनावेतन. पुस्तके ठरलेली, इयत्ता ठरलेल्या. वाय.एम.बी.ए. कडून परीक्षा होतात, प्रमाणपत्रे मिळतात. दहा वर्षांच्या मुलीने धम्मपदाची गाथा म्हटली आणि मग तिचा अर्थ सांगितला. गाथा आपली मुलेही म्हणतात, बरं का. अर्थ विचारला की मात्र आईकडे बघतात.

पौर्णिमेला तेथे सुट्टी असते, दारूची आणि मांसाची दुकाने बंद राहतात. आजी-आजोबा पांढरी वस्त्रे नेसून दिवसभर अष्टशील पाळतात. वैशाखात आकाशकंदील, दिव्यांच्या कमानी आणि रस्त्यारस्त्यांत ‘दनसल’ असते, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही फुकट जेवण. जात-धर्म विचारण्याचा प्रश्नच नाही.

एवढे सांगून आम्ही थांबलो, तर ते अर्धेच सांगितल्यासारखे होईल. आमच्या मंडळींत त्या रात्री यावर बराच वाद झाला, तो आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट जातीची. बुद्धाच्या त्या देशातही जात शिल्लक आहे. तेथील सर्वांत मोठ्या सियाम निकायात परंपरेने गोयिगम या वरच्या जातीच्याच माणसाला उपसंपदा मिळत आली. इतर जातींच्या भिक्खूंना १८०० च्या सुमारास ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घ्यावी लागली, त्यातून अमरपुर निकाय निघाला. धम्म आणि जात एका घरात राहू शकत नाहीत, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकविले. ते शिकविण्यासाठी आपण तेथे गेले पाहिजे, केवळ शिकण्यासाठी नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. ज्या शहराने १८८३ मध्ये दगड खाल्ले, त्याच शहरात १९८३ च्या जुलैमध्ये तमिळांची घरे आणि दुकाने जाळण्यात आली. शेकडो माणसे मारली गेली. जाळणाऱ्यांत बौद्ध घरांतले तरुण होते. शेजारच्या तमिळ कुटुंबाला माळ्यावर लपवून वाचविणारेही बौद्धच होते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. पुढे २००९ पर्यंत युद्ध चालले. १९९६ मध्ये फोर्टमधील मध्यवर्ती बँकेवर बॉम्बहल्ला झाला. २१ एप्रिल २०१९ ला, पुन्हा ईस्टरच्याच रविवारी, कोटहेनाला लागून असलेल्या सेंट अँथनीच्या चर्चमध्ये अतिरेक्यांनी स्फोट घडविला, आणि त्यानंतर काही गावांत निरपराध मुसलमानांची दुकाने फोडली गेली. धर्मपालांसारख्या थोर माणसाच्या लिखाणातही परधर्मीयांविषयी कडू शब्द आहेत, ते नाकारता येत नाहीत.

आमच्यातले एक तरुण म्हणाले, “मग अशा गावाला कशाला डोक्यावर घ्यायचं?” एका उपासिकेने उत्तर दिले, “डोक्यावर नको घेऊ. पण अल्पसंख्य, दुबळे असताना ही माणसं नीट वागली आणि बळ हाती आल्यावर चुकली, हे तुला अनुराधपूरला समजलं असतं का?” आम्हांला तिचे म्हणणे पटले. ध्वज अन्यायातून जन्माला आला म्हणून त्याला कोणावर उगारण्याचा अधिकार मिळत नाही. आपण आज थोडे आहोत. उद्या आपल्या मुलांच्या हाती बळ येईल, येवो. तेव्हा त्यांनी कसे वागावे, हे आजच शिकवून ठेवावे लागेल. पहिले शील पाणातिपाता वेरमणी हेच आहे, आणि त्यात कोणत्याही जमातीचा अपवाद नाही.

आता जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. जानेवारी ते मार्च हा काळ बरा. मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस फार. निघण्यापूर्वी व्हिसाचे त्या वेळचे नियम विचारून घ्यावेत. विहारात चपला-टोपी काढावी, खांदे व गुडघे झाकलेले असावेत, शक्यतो पांढरे कपडे न्यावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे तेथे अनादर समजतात. मुलांना आधीच सांगून ठेवा. नमस्काराला ‘आयुबोवन’ म्हणावे, आभाराला ‘स्तुती’. आकडे ऐकून गंमत वाटेल. एक, देक, तुन, असे करत सातला हत आणि आठला अट. भाषा आपल्याच आर्य भाषांच्या कुळातली. जेवणाची चिंता नको. भात, नारळ आणि मासे ही कोकणी माणसाची चैनच. तांदळाच्या पिठाची ‘इंदिआप्प’ पाहून आमच्यातल्या रत्नागिरीच्या मावशी म्हणाल्या, “ही तर आपली शिरवाळी!” फक्त तिखट जपून.

२०२२ मध्ये तेथे मोठे आर्थिक संकट आले. पेट्रोल, गॅस, औषधे यांसाठी माणसे रांगांत उभी राहिली. आपण दोन दिवस राहिलो, रिक्षा केली, छोट्या खाणावळीत जेवलो, तर तो पैसा सामान्य घरात जातो. धम्मयात्रेत हाही एक दानाचा प्रकार समजावा.

दोन दिवस पुरेसे आहेत. पहिल्या दिवशी कोटहेना, फोर्ट, मालिगाकंद आणि संध्याकाळी बैरा तलावावरील सीमा मालक, म्हणजे पाण्यावर उभे असलेले भिक्खूंचे शांत सभास्थान. दुसऱ्या दिवशी टाऊन हॉल, १८७७ पासून चालू असलेले राष्ट्रीय संग्रहालय, तेथील तोलुविलची ध्यानस्थ बुद्धमूर्ती, आणि दुपारनंतर केलनिया. दुसरा दिवस रविवार असेल आणि सकाळीच केलनियाला जाता आले, तर धम्मशाळाही दिसेल.

शेवटी, या वर्धापनदिनी कार्यकारिणीपुढे आणि आपणां सर्वांपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. पुढच्या यात्रेच्या पत्रिकेत कोलंबोला ‘आगमन’ आणि ‘प्रस्थान’ यांच्यामध्ये दोन मुक्काम द्यावेत. आपल्या विहारात दर रविवारी सकाळी एक तास मुलांची धम्मशाळा सुरू करावी. गाथा पाठ करून घ्यावी, पण अर्थासकट. शिकवायला बाहेरून कोणी येणार नाही; वस्तीत शिक्षक आहेत, कॉलेजात शिकणारी मुले-मुली आहेत, निवृत्त झालेले ज्येष्ठ आहेत. आमच्यापैकी चौघांनी पहिल्या सहा महिन्यांची जबाबदारी घेण्याचे आजच कबूल केले आहे. आणि पुढच्या वैशाख पौर्णिमेला ध्वज चढविताना एका मुलीला किंवा मुलाला माइकसमोर उभे करून त्या ध्वजाची हकिगत सांगायला लावावी. १८८३ ची सांगावी आणि १९८३ चीही सांगावी.

धम्मशाळेसाठी नावे महिला मंडळाच्या टेबलावर लिहून घेतली जातील. पहिला वर्ग येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता, याच सभागृहात. वही-पेन्सिल घरून आणावी.

 सब्बे सत्ता सुखी होन्तु. भवतु सब्ब मंगलं. जय भीम!